पुतळे आणि खांदे

गुन्हा कबूल करूनच लेखाला आरंभ करते. गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या एका शिल्पप्रदर्शनात मी मोठ्याने हसले. हसण्यासारखे तेथे काही नव्हते. समोर एका माणसाचे लाकडी धड उभे होते. डोके नाही, हात नाहीत, अंगावर वस्त्र नाही. मैत्रिणीने माझा दंड चिमटला, मी तोंडावर ओढणी धरली, आणि तरीही हसू बाहेर पडलेच. सोबतच्या मुलांपैकी एकाने, "याचं मुंडकं बनवायचं राहिलं वाटते," असा शेरा मारला आणि मग सगळाच घोळका हसला. दालनातील चार-दोन शहरी प्रेक्षकांनी वळून आमच्याकडे पाहिले. आमचे सर मात्र काहीच बोलले नाहीत. ते त्या धडाच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ तेथेच उभे होते.

त्या हसण्याचा पुढे मी पुष्कळ विचार केला. तो विचारच येथे मांडायचा आहे. मी कलेची विद्यार्थिनी आहे ती फक्त 'कला शाखा' या अर्थाने. चित्रकला-शिल्पकलेतले मला काही कळत नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. तेव्हा जाणकारांनी माझ्या लिहिण्यात शास्त्र शोधू नये. एका अडाणी डोळ्याने काय पाहिले, एवढेच पाहावे.

गोंदियाहून नागपूर सुमारे १३० किलोमीटर. पहाटेच्या गाडीने आम्ही अठरा जण निघालो. प्रदर्शन आजच्या शिल्पकारांचे होते आणि विषय होता माणसाचा देह. वीस-बावीस शिल्पे असतील. काही लाकडाची, काही भंगार लोखंडाची, दोन-तीन मातीची. आम्ही काय अपेक्षा घेऊन गेलो होतो? पुतळ्यांची! आपल्या तालुक्याच्या गावी चौकात पुतळा असतो. उंच चबुतरा, भोवती साखळ्या, खाली संगमरवरावर नाव आणि अनावरण करणाऱ्याचे त्याहून मोठे नाव. पुतळा कोणाचा हे चेहऱ्यावरून आणि पोशाखावरून ओळखायचे. येथे तर ओळखण्याची सोयच नव्हती. चेहरा नाही, पोशाख नाही, नाव नाही. मग उरले काय? नुसते अंग. आणि अंगाकडे नुसते पाहायचे आम्हांला कोणी शिकवलेलेच नव्हते. अंग झाकायचे असते, राबवायचे असते, दुखले तर दाबून घ्यायचे असते. 'पाहायचे' कधी असते?

सरांच्या मागोमाग मीही त्या धडाच्या मागे गेले. आणि तेथे माझे हसू थांबले.

ती पाठ मला ओळखीची होती. मानेच्या बुंध्याशी एक गाठ आली होती. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला. पाठीच्या कण्याला किंचित बाक. शिल्पकाराने लाकूड गुळगुळीत केले नव्हते. पटाशीचे घाव तसेच ठेवले होते आणि ते घाव वळांसारखे दिसत होते. खालच्या पट्टीवर इंग्रजीत 'शीर्षक नाही' अशा अर्थाचे दोन शब्द आणि किंमत होती. पण मला शीर्षक ठाऊक होते. ती माझ्या बाबांची पाठ होती.

माझे बाबा राईस मिलमध्ये हमाल आहेत. आपला जिल्हा म्हणजे धानाचे कोठार असे आपण भाषणात म्हणतो. पण त्या कोठारातला प्रत्येक कट्टा कोणाच्या तरी खांद्यावरून गेलेला असतो हे भाषणात येत नाही. तांदळाचा कट्टा ५० किलोचा. ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून तो खांद्यावर घेऊन चढायचे आणि रिकाम्या हाताने उतरायचे. असे दिवसभर. रात्री आई गरम तेलाने त्यांचा खांदा चोळते. त्या खांद्यावर एक घट्टा आहे, बैलाच्या मानेवर जूने पडतो तसा. लहानपणी मी त्यावर बोट टेकवून, "दुखते का?" असे विचारी. नंतर मोठी झाले आणि विचारणे सोडले.

आता दुसरा गुन्हा. हा पहिल्यापेक्षा मोठा आहे. बी. ए.च्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी बाबा माझ्याबरोबर आले होते. मिलमधून परस्पर आले होते. केसांत, भुवयांत कोंडा होता, शर्टाचा उजवा खांदा विरलेला होता. मी त्यांना म्हटले, "बाबा, तुम्ही फाटकाजवळच थांबा. आत फार गर्दी आहे." आत गर्दी मुळीच नव्हती. ते उन्हात दीड तास उभे राहिले. मला त्यांची लाज वाटली होती. त्यांच्या गरिबीची नाही. गरीब तर आपण बहुतेक सगळेच आहोत. लाज वाटली ती त्यांच्या अंगाची. त्या खाली उतरलेल्या खांद्याची.

आणि तोच खांदा नागपुरात दिव्यांच्या झोतात उभा होता. लोक तिकीट काढून येत होते, दोन पावले मागे सरकून, मान कलती करून तो पाहत होते!

परत आल्यावर मी ग्रंथालयात बसू लागले. माझ्या मनात प्रश्न होता तो असा: आपण माणसाच्या अंगाला का हसतो? कोणी म्हणेल, ही उघडी धडे, मोडकी शरीरे पाश्चात्यांची नक्कल आहे, आपल्या संस्कृतीत हे बसत नाही. हा आक्षेप आमच्या वर्गातही निघाला. पण पुस्तके उलटेच सांगतात. मोहेंजोदडोची काशाची नर्तकी साडेचार हजार वर्षांपूर्वीची. उंची अवघी १०.५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या तळहाताहून लहान. अंगावर दागिने आहेत, वस्त्र नाही; एक हात कमरेवर आणि हनुवटी वर. तिला स्वतःच्या अंगाची लाज वाटत असल्याचे दिसत नाही. इतके लांब कशाला, रामटेकजवळच्या मनसरला वाकाटकांच्या काळातील, पाचव्या शतकाच्या सुमाराची एक शिवमूर्ती सापडली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. देव असून बुटका, पोट सुटलेला, चेहरा गोल आणि प्रसन्न! म्हणजे विदर्भाच्या मातीतल्या शिल्पकाराला पंधराशे वर्षांपूर्वी ठाऊक होते की, अंग रेखीव नसले तरी त्यात देव राहू शकतो. हे आपण केव्हा विसरलो?

पण माझा खरा प्रश्न याच्याही पुढचा होता. देवाचे अंग घडले, राजाचे घडले, अप्सरेचे घडले. राबणाऱ्याचे अंग केव्हा घडले?

१८९६ साली मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकणाऱ्या गणपतराव म्हात्रे यांनी 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प केले. नऊवारी नेसलेली, पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली तरुणी. विद्यार्थिदशेत केलेल्या या शिल्पाने त्यांचे नाव सर्वत्र झाले. ती देवी नाही, राणी नाही, आपल्यातलीच एक स्त्री आहे, ही केवढी मोठी गोष्ट! तरी ती देवळाकडे निघालेली आहे, कामाकडे नव्हे. पुढे विनायकराव करमरकर आले. अलिबागजवळच्या सासवणे गावचे. पुण्यातील शिवाजी महाराजांचा १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. पण त्याच हातांनी त्यांनी आपल्या समुद्रकाठच्या कोळ्यांची आणि साध्या गावकऱ्यांची शिल्पेही घडवली. सासवण्याच्या त्यांच्या घरातच आज त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. महाराजांचा घोडा घडवणारा हात कोळणीला घडवताना कमीपणा मानत नव्हता.

मला सर्वांत जवळचे वाटले ते रामकिंकर बैज. बंगालमधील बांकुडा येथे एका गरीब घरात ते जन्मले आणि पुढे शांतिनिकेतनात शिकले, तेथेच शिकवू लागले. १९३८ साली त्यांनी तेथे उघड्यावर 'संथाळ कुटुंब' उभारले. बाप, आई, मुले, कावड आणि बरोबर कुत्रा. सगळा संसार घेऊन ते कोठेतरी निघाले आहेत. साधन काय, तर सिमेंट आणि तांबड्या मुरमाची खडी. संगमरवर नाही, ब्राँझ नाही. ज्या मातीतून ही माणसे चालतात तिचीच ती झाली आहेत. आपल्याकडे धान निघाल्यावर गावे अर्धी रिकामी होतात, पोरेबाळे आणि गाठोडी घेऊन माणसे कामाला परमुलखात निघतात. गोंदियाच्या फलाटावर हे 'कुटुंब' आपण सर्वांनी पाहिले आहे. आपण त्याला शिल्प म्हणत नाही, गर्दी म्हणतो. १९५६ साली रामकिंकरांनी 'गिरणीची हाक' हे शिल्प केले. भोंगा झाला म्हणून दोन बाया धावत सुटल्या आहेत आणि ओले लुगडे वाऱ्यावर फडफडते आहे. १९५९ साली देवीप्रसाद रायचौधुरी यांचे 'श्रमाचा विजय' मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर उभे राहिले. चार माणसे एक मोठा खडक हलवू पाहत आहेत. मीरा मुखर्जी तर जर्मनीत शिल्पकला शिकून परत आल्या आणि पुन्हा विद्यार्थिनी होऊन आपल्या शेजारच्या बस्तरमध्ये घडव्यांच्या पायांशी बसल्या. मेणाचा आकार करून, त्यावर माती लिंपून, मेण वितळवून तेथे धातू ओतण्याची आदिवासी कारागिरांची रीत त्यांनी उचलली आणि तीच वापरून मजूर, नावाडी, विणकर घडवले.

या साऱ्यांची छायाचित्रेच मी पाहिली आहेत. तरी एक गोष्ट मनात स्पष्ट झाली. पुतळा आणि शिल्प या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुतळा आपल्याला कोणाला वंदन करावे ते सांगतो. शिल्प आपल्याला पाहायला सांगते. पुतळ्याला मी कमी लेखत नाही. आमच्या वस्तीत बाबासाहेबांचा पुतळा आहे. हातात ग्रंथ घेतलेल्या त्या निळ्या कोटाने आमच्या किती पिढ्यांना ताठ उभे राहायला शिकवले, हे आम्हांलाच ठाऊक! पण पुतळ्यासमोर मी मान वर करून उभी राहते, तर त्या लाकडी पाठीसमोर मला मान खाली घालावी लागली. दोन्हींची गरज आहे. आज पुतळ्यांच्या उंचीची स्पर्धा चालली आहे. गुजरातेतील सरदार पटेलांचा २०१८ सालचा पुतळा १८२ मीटर उंच आहे, आणि तो घडवणारे राम सुतार आपल्या धुळे जिल्ह्यातील गोंदूरच्या सुताराचे चिरंजीव, याचा अभिमान आहेच. पण मोहेंजोदडोची ती बोटभर पोरही साडेचार हजार वर्षे उभीच आहे. उंचीवर काही नसते.

आता प्रदर्शनाबद्दल तक्रारही नोंदवते, नाहीतर लेख एकांगी होईल. माझ्या वर्गातील एका मित्राने परतीच्या गाडीत मुद्दा काढला. तो म्हणाला, तुझ्या बापाची पाठ आता कोणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाईल. पाठीची किंमत लाखाच्या घरात, आणि पाठ ज्याची त्याला कट्ट्यामागे काही रुपये! दुःखाला पॉलिश करून विकायचे, याला कला म्हणायचे का? गाडीत कोणालाच त्याला उत्तर देता आले नाही. मलाही नाही. आणखी एक. सगळ्या पट्ट्या इंग्रजीत होत्या. मराठी मुलखात, माणसाच्या अंगाविषयीच्या प्रदर्शनात, मराठीत एक ओळ नसावी? ज्यांची अंगे घडवली त्यांनाच आत काय लिहिले आहे ते वाचता येऊ नये? दारावरच्या रखवालदाराला मी विचारले, "तुम्ही पाहिलं का आतलं?" तो म्हणाला, "आमची ड्युटी बाहेर असते."

हे सगळे मनात घोळत असतानाच ती गोष्ट घडली, जिच्यासाठी खरे तर मी हा लेख लिहायला घेतला.

त्या धडाचा फोटो मी मोबाईलवर काढला होता. पंधरा दिवस तो बाबांना दाखवायचा धीर झाला नाही. वाटे, त्यांना उघडे अंग पाहून संकोच होईल. किंवा ते विचारतील, कॉलेजात हेच शिकवतात का? शेवटी एका रात्री, आई खांद्याला तेल लावत असताना, मी फोन त्यांच्यासमोर धरला. म्हटले, "बाबा, हा पाहा. कट्टा उचलणारा हमाल. कोणीतरी लाकडात केला."

बाबांनी फोन हातात घेतला. दिव्याजवळ नेला. मागून काढलेला, बाजूने काढलेला, दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. अंग उघडे आहे, डोके नाही, याकडे त्यांचे लक्षही गेले नाही. मग म्हणाले, "हा कट्टा उचलून नाही ना वो बाई. ओझं असलं त खांदा वर येते, अन् कंबर दुसऱ्या बाजूनं जाते. याचा खांदा त खाली उतरला. यानं कट्टा टाकला, अन् आता उभा आहे. सांज झाली असंन."

आई म्हणाली, "त मजुरीसाठी उभा असंन." आणि दोघेही हसले.

मी गप्प झाले. अठरा विद्यार्थी, एक प्राध्यापक, दालनातले ते चष्मेवाले रसिक, आणि ग्रंथालयात महिनाभर बसलेली मी. त्या शिल्पात आम्ही सर्वांनी ओझे पाहिले होते. मी तर त्यावर मनातल्या मनात हुंदकाही दिला होता. ओझे तेथे नव्हतेच! तो माणूस दिवसाचे काम संपवून उभा होता. ती दुःखाची पाठ नव्हती, विसाव्याची होती. शिल्पकाराला हेच म्हणायचे होते की नाही, मला माहीत नाही. पण फ्रान्सच्या रोदँने १८७७ साली एक उभा पुरुष इतका हुबेहूब घडवला की, त्याने जिवंत माणसाच्या अंगावरून साचा काढला असा आरोप झाला, हे मी वाचले होते. शरीराचा भार कोणत्या पायावर पडतो, खांदा केव्हा चढतो आणि केव्हा उतरतो, हे शिकण्यासाठी शिल्पकार वर्षे घालवतात. माझ्या बाबांनीही वर्षे घातली आहेत. तीच विद्या, पण त्यांना कोणी पदविका दिली नाही. शिवाय मी त्यांना फाटकाबाहेर उभे केले.

तेव्हा माझे मत असे आहे. गाडीतल्या मित्राला आज मी हे उत्तर देईन. श्रमिकाचे अंग घडवणे हा अन्याय नाही. घडवून झाल्यावर त्याला पाहायला न बोलावणे हा अन्याय आहे. आपण समजतो, कला ही शिकलेल्यांची गोष्ट, आणि अडाण्यांना ती 'समजावून' सांगायची असते. देहाच्या बाबतीत तरी हे खोटे आहे. जे देहावर जगतात त्यांना देह अधिक कळतो. रोवणीच्या दिवसांत सकाळपासून सांजेपर्यंत बांधीतल्या चिखलात ओणवी होऊन पऱ्हे लावणारी बाई, सुपात तेंदूपत्ता घेऊन दिवसभर बिडी वळणारी बोटे, आपल्या गावचा मूर्तिकार कुंभार, यांना जर त्या दालनात नेले, तर ते पहिल्यांदा हसतील, जशी मी हसले. मग ते असे काही सांगतील, जे पट्टीवर लिहिलेले नसेल.

यासाठी फार पैसा लागत नाही. माझ्या सूचना अगदी साध्या आहेत. एक, आपल्या महाविद्यालयाने वर्षातून एकदा तरी असे प्रदर्शन दाखवावे, आणि नागपूरला सगळ्यांना जाता येत नसेल तर मोठी छायाचित्रे आणून सभागृहात लावावीत. पट्ट्या मराठीत असाव्यात. दोन, त्या दिवशी फाटक पालकांसाठी उघडे ठेवावे, आणि कोणाला काय दिसले ते एका वहीत लिहून घ्यावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे आम्ही लिहून घेऊ. तीन, स्नेहसंमेलनात आपण रांगोळी आणि पाककृतीच्या स्पर्धा घेतो, तशी मातीकामाचीही घ्यावी. विषय एकच: 'आमच्या घरातले एक माणूस.' चेहरा जमला नाही तरी चालेल. पाठ जमली तरी पुरे.

या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला यायला मी बाबांना सांगितले आहे. ते म्हणाले, "मिलचा हंगाम आहे, सुट्टी भेटली त येईन." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "फाटकाजवळ थांबू का आत येऊ?"

त्यांनी सहज विचारले होते. टोमणा मारण्याचा त्यांचा स्वभाव नाही. मी म्हटले, "आत या, बाबा. मी फाटकाजवळ थांबते."